आजोबांची एकनळी आणि आठवीतला मुलगा

कोकणातल्या एका खेड्यात २०२३च्या भातकापणीच्या तोंडावर घडलेलं हे प्रकरण. मुलाचं नाव, गाव आणि वाडी दिलेली नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मुलगा, त्याची आई आणि ज्यांचं जनावर गेलं ते शेजारी, तिघांना विचारून हे लिहितोय. मी त्या मुलाचा वर्गशिक्षक होतो. या प्रकरणात मी नुसता बघणारा नव्हतो, माझ्या हातूनही एक चूक झाली. ती योग्य ठिकाणी येईल.

पार्श्वभूमी

वाडीत अठरा घरं आहेत, पण वर्षभर दिवा लागतो तो अकरा घरांत. बाकीची कुलपं गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात. मुलाचे वडील मुंबईत एका गोदामात कामाला. घरी आजोबा, आजी, आई, मुलगा आणि त्याची धाकटी बहीण. भाताचे सहा कुणगे, म्हणजे खाचरं, वर कातळाच्या कडेला काजूची बाग, दोन म्हशी. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची एकनळी बंदूक, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनची.

कोकणात अशी बंदूक घरात असणं नवलाचं नाही. भात पोटरीत आलं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत अख्खा कुणगा लोळवून जातात. खातात त्याच्या दुप्पट तुडवतात. दिवसा माकडं, रात्री डुकरं, काही भागांत गवे. म्हणून माळा बांधून राखण करायची, डबे वाजवायचे, जुन्या साड्या मेरेवर टांगायच्या आणि सगळं हरलं की बंदूक. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी ‘मुलाच्या हातात बंदूक’ एवढे शब्द वाचून लगेच मत बनवू नये, एवढीच विनंती.

कायद्याचं मात्र आधीच सांगून टाकतो, कारण ते गावात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही बंदूक बाळगता किंवा घेऊन फिरता येत नाही. एक फट ठेवलेली आहे ती प्रशिक्षणाची: बारा वर्षांच्या पुढच्या मुलाला प्रशिक्षक किंवा परवानाधारकाच्या समक्ष, नेमबाजी शिकण्यापुरती बंदूक वापरता येते. रात्रीची राखण हे प्रशिक्षण नव्हे. दुसरं, शेतीसंरक्षणाचा परवाना हा बंदूक ठेवण्याचा परवाना आहे, जनावर मारण्याचा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुकरालाही संरक्षण आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते. आजोबांना पन्नास वर्षं वाटत होतं की परवाना म्हणजेच परवानगी.

आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिवसा ते वाट चुकत नसत, रात्री मात्र त्यांना बॅटरीच्या उजेडाभोवती नुसतं धुकं दिसायचं. २०२२च्या हंगामात कधीतरी त्यांनी बंदूक नातवाच्या हातात दिली. असा कोणी बसून ठरवलेला निर्णय नव्हता. एका रात्री त्यांना दिसेना, नातू शेजारी होता, त्याचे डोळे चांगले होते, झालं.

आधी दिसलेल्या खुणा

ऑगस्ट २०२३मध्ये मी वर्गाला ‘माझा एक अनुभव’ असा निबंध दिला होता. या मुलाने दीड पानात राखणीची रात्र लिहिली. माळ्यावर आजोबांच्या बिडीचा वास, खाली भातातून वारा गेल्यासारखा आवाज, पण वारा नाही, मग आजोबांचं कोपराने ढोसणं. ‘मी आतापर्यंत दोन डुकरं मारली’ असं शेवटचं वाक्य. इतकं जिवंत लिहिलेलं त्या वर्षी दुसरं काही माझ्या हाताला लागलं नव्हतं. दहापैकी नऊ गुण दिले आणि निबंध वर्गात वाचून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

माझी चूक ती हीच. मी भाषा तपासली. तेरा वर्षांचा मुलगा भरलेली बंदूक घेऊन रात्र काढतो, हे मी वाचलं, मोठ्याने वाचलं आणि त्याला एक प्रश्नही विचारला नाही. उलट वर्गासमोर त्याला शाबासकी मिळाली. पुढे त्याच्या आईने मला सांगितलं की त्या दिवशी घरी येऊन त्याने आजोबांना सांगितलं होतं, सरांनी निबंध वाचला. आजोबांनी त्याचा अर्थ शाळेची संमती असा घेतला. का घेऊ नये?

दुसरी खूण शरीरावर होती. कवायतीला त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. दप्तर कायम डाव्या खांद्यावर. बंदुकीचा दस्ता मोठ्या माणसाच्या हाताच्या मापाचा असतो. मुलाला तो खांद्याच्या खळगीत बसवता येत नाही, सरकून दंडावर किंवा गळ्याच्या हाडावर येतो आणि बार निघाला की धक्का तिथेच बसतो. क्रीडाशिक्षकांनी विचारलं तेव्हा त्याने पडलो म्हणून सांगितलं होतं.

ती रात्र

ऑक्टोबरातला शनिवार. भात पिवळं पडायला लागलेलं. माळ्यावर तिघं होते: आजोबा, मुलगा आणि वाडीतले एक काका, ज्यांच्या स्वतःच्या शेताची राखण त्याच मेरेवरून व्हायची. काकांच्या कपाळाला बॅटरी बांधलेली, बंदूक मुलाकडे.

साडेदहाच्या सुमारास काजूच्या बागेच्या कडेला पाला वाजला. काकांनी मान वळवली, उजेड गेला आणि त्यात दोन डोळे हिरवट चमकले. काका कुजबुजले, “मार रे, मार! बघतस काय?” मुलगा थांबला. काकांनी पुन्हा त्याच्या पाठीवर हात ठेवला. आजोबांना काही दिसत नव्हतं, तेही म्हणाले, “वड.” मुलाने चाप ओढला.

तो शेजाऱ्यांचा पाडा होता, म्हणजे गोऱ्हा, दावं तोडून आलेला. जागीच कोसळला. आणि पाड्याच्या मागे दहा-बारा पावलांवर, त्याला शोधत आलेले शेजारी स्वतः होते. मोबाइलची बॅटरी संपत आली म्हणून उजेड बंद करून अंधारातच ओळखीच्या पायवाटेने चालत होते. बार ऐकला आणि ओरडले, “कोण रे तो?” माळ्यावर तिघांनाही तो आवाज ऐकू आला. मुलगा सांगतो की त्यानंतरचं त्याला पुसट आठवतं, तो आवाज मात्र आठवतो.

कोयता अडकवायला आमच्याकडे माणसं कमरेला मागच्या बाजूने लाकडी आकडी बांधतात. शेजाऱ्यांनी घरी जाऊन आकडी सोडली, तेव्हा तिच्या लाकडात एक छरा रुतलेला सापडला. मी ती आकडी हातात घेऊन पाहिली आहे. छरा जिथे बसला तिथून पाठीचा कणा चार बोटांवर.

प्रश्न नेमका कोणता

रविवारी सकाळी गावात मिटलं. आजोबांनी पाड्याची किंमत द्यायचं कबूल केलं. शेजारी भला माणूस. म्हणाला, “पाडो गेलो तर गेलो. झिलाक कोण बोला नकात.” तक्रार द्यायची नाही असं ठरलं, नारळ देऊन विषय बंद झाला. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण त्या मिटवण्यात मुलगा कुठेच नव्हता. त्याच्याशी कोणी बोललं नाही, त्याला काही विचारलं नाही, आणि बंदूक होती तिथेच, माजघराच्या भिंतीला खिळ्यावर, काडतुसं शेजारच्या फडताळात.

सोमवारी तो शाळेत आला नाही. मंगळवारी आला, बोलला नाही. मला बातमी दुसऱ्या मुलाकडून कळली. मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो, मोठ्यांशी बोललो, पोलीस पाटलांना भेटलो. मुलाला समोर बसवून विचारलं ते शनिवारी. चार दिवस उशिरा. पाणवठ्याकडे जाणाऱ्या पाणंदीत एका दगडावर बसलो होतो आम्ही.

तो म्हणाला, “सर, तो डुकर न्हय, ह्या माका कळलेला.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. त्याने समजावून सांगितलं. बॅटरी मारली की गुरांचे, कुत्र्याचे, बिबट्याचे डोळे चमकतात. डुकराचे तसे चमकत नाहीत. त्याने दोन हंगामांत अनेक डुकरं उजेडात पाहिली होती, त्यांचे डोळे कधी असे पेटले नव्हते. शिवाय हे डोळे उंचावर होते. मी पुढे खातरजमा केली. गाईगुरांच्या, कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो, डुकरात तो नसतो. मुलगा बरोबर होता.

“मग मारलंस कित्याक?”

“काकान सांगल्यान.”

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मुलांना बंदूक द्यावी का, यावर वाद घालणारे बहुतेक वेळा हाताबद्दल बोलतात: हात स्थिर असतो का, वजन पेलतं का, शिकवलं तर शिकतो का. हात शिकतो. या मुलाचा नेम चांगला होता, डोळा मोठ्यांपेक्षा जाणता होता. पण शिकारीत अवघड असतं ते बार न काढणं. शेजारी वयाने मोठी माणसं ‘मार’ म्हणत असताना, क्षणभरात, अंधारात, ‘नाही, मला खात्री नाही’ असं म्हणण्याचं बळ तेरा वर्षांच्या मुलात कुठून येणार? घरात, वाडीत, शाळेत आपण त्याला जन्मापासून शिकवलं ते मोठ्यांचं ऐकायला. त्या रात्री त्याने नेमकं तेच केलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ पोलिसांत कळवण्याचा. शिक्षक म्हणून माझं कर्तव्य तेच, असं मुख्याध्यापकांचं मत होतं आणि त्यात तथ्य होतं. अल्पवयीन मुलाला बंदूक देणं हा गुन्हा, विनापरवानगी शिकार हा वेगळा गुन्हा. परवाना गेला असता, कदाचित आजोबा आणि काका दोघांवर खटला. पण मला भीती होती ती मुलाची. आपल्या एका बाराने पाडा गेला, शेजारी मरता मरता वाचले आणि आता आजोबांना पोलीस घेऊन गेले, एवढं सगळं त्याच्या माथी आलं असतं. पोलीस पाटलांनी मधला मार्ग सुचवला: बंदूक स्वतःहून ठाण्यात जमा करायची आणि आजोबांची दृष्टी सुधारल्याचं सिद्ध होईपर्यंत परत मागायची नाही. ठाण्यात काय सांगायचं हे त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ठरवलं. मी त्याला मान तुकवली. तो निर्णय कायद्याच्या काटेकोर तराजूत उतरत नाही, हे मला माहीत आहे.

दुसरा पर्याय होता मुलाला रीतसर शिकवण्याचा आणि मी त्याच्या प्रेमात पडलो होतो. मी पूर्वीच्या शाळेत एनसीसीचं काम पाहायचो. तिथे आठवी-नववीची मुलं पॉइंट टूटू रायफल चालवतात. पण गोळी हातात येण्याआधी किती दिवस नुसती रायफल हाताळणं, ती रिकामी आहे का हे स्वतः तपासून दुसऱ्याला दाखवणं, खेळातही नळी माणसाकडे न वळवणं! हुकूम देणारा एकच माणूस असतो आणि ‘थांब’ म्हटलं की सगळी रांग थांबते. समोर मातीचा बांध असतो, त्यामागे कोणी येऊच शकत नाही. मुलाने निर्णय घ्यायचा असतो तो फक्त चाप कधी ओढायचा याचा. कशावर ओढायचा, पलीकडे काय आहे, हे सगळं मोठ्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. फोंडा घाट चढून गेलं की राधानगरी तालुका, तिथल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे. मुलगा त्याच्याच मातीतला, क्रीडा प्रबोधिनीत जाईल, रायफल धरेल, अशी स्वप्नं मी बघायला लागलो होतो. पुढे १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुसाळेला कांस्य मिळालं, तेव्हा तर मला फार हळहळ वाटली. का, ते खाली येईल.

या पर्यायावर विचार करताना अमेरिकेतली एक घटना माझ्या डोक्यातून जात नव्हती. ऑगस्ट २०१४मध्ये ॲरिझोना राज्यात एका नेमबाजीच्या मैदानावर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात उझी, म्हणजे सलग गोळ्या झाडणारी छोटी मशीनगन, दिली गेली. शेजारी अनुभवी प्रशिक्षक, आई-वडील हजर, दिवसाउजेड. बंदूक सलग बारावर गेली, धक्क्याने वर उसळली आणि प्रशिक्षकाचा जीव गेला. देखरेखीत काही कमी नव्हतं, चूक झाली होती हत्यार निवडताना. त्या मुलीच्या मापाचं ते हत्यार नव्हतं. आमच्या मुलाच्या खांद्यावरचा काळानिळा डाग तेच सांगत होता.

देशोदेशी याची उत्तरं वेगवेगळी आहेत. त्याच अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २०१७मध्ये मोठ्यांच्या सोबतीने शिकार करणाऱ्या मुलांसाठी असलेली दहा वर्षांची किमान अट काढून टाकली. जर्मनीत सोळाव्या वर्षी परीक्षा देऊन शिकारीचा परवाना मिळतो, पण अठरापर्यंत सोबत जाणतं माणूस हवंच. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शिकाऱ्याला भडक नारिंगी जाकीट सक्तीचं असतं, म्हणजे माणूस माणसाला दिसावा. आमच्या शेजाऱ्यांच्या अंगात त्या रात्री काळपट सदरा होता. वयाची अट दहा असो की सोळा, जिथे मुलं बंदूक धरतात तिथे भोवती नियमांची कुंपणं आहेत. आमच्या माळ्यावर एकही नव्हतं.

तिसरा पर्याय बंदुकीशिवाय शेत राखण्याचा. सौर कुंपणाचा खर्च एकट्या घराला झेपणारा नव्हता, वाडीने मिळून अर्ज करायचं ठरलं. तारेत थेट घरचा करंट सोडण्याचा सल्ला एकाने दिला. त्याला तिथेच गप्प केलं, कारण त्याने डुकराआधी माणूस मरतो. कार्बाइडची पाइपची बंदूक दुसऱ्याने सुचवली. तिने मुलांचे डोळे जातात. राहिली माणसांची पाळी, जुनी पद्धत.

शेती सोडून देणं हाही पर्याय होता. मुलाच्या आजीनेच तो मांडला. कोणीही त्यावर काही बोललं नाही.

आजोबांशी झालेलं बोलणं

याला वेगळं ठिकाण देतो, कारण इथे माझं मत बदललं.

मी गेलो तेव्हा आजोबा खळ्यात सुंभ वळत बसले होते. मी बराच वेळ कायदा, धोका, मुलाचं वय वगैरे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मास्तरानू, तुमी सांगतास ता खरा. पण डुकर तुमचा ऐकतलो काय? माका दिसणा नाय. झील मुंबयक. मग बंदूक कोणी धरूची?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी त्यांना त्यांच्या लहानपणाचं विचारलं. ते बाराव्या वर्षी शिकारीला गेले, म्हणजे १९६३च्या आसपास. पण काय करायला गेले? डबा वाजवायला. हाकाऱ्यांत सगळ्यात कडेला, आपल्या मामाच्या हाताला धरून. पुढची दोन वर्षं कुत्री सांभाळली. मग ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छरे भरून गजाने ठासायला शिकले, पण ती दुसऱ्याच्या हातात द्यायची. मग जाणत्या बंदूकवाल्याशेजारी नुसतं बसायचं, खोकायचं नाही, हलायचं नाही. पहिला बार काढला तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते, आणि त्या वेळी रानात चाळीस माणसं होती. चुकीच्या दिशेने नळी वळली तर थोबाडीत मारणारी चाळीस माणसं.

बोलता बोलता ते स्वतःच थांबले. हातातलं सुंभ खाली ठेवलं. बऱ्याच वेळाने म्हणाले की नातवाला त्यांनी कुत्रीही सांभाळायला दिली नव्हती. एकदम बंदूकच दिली.

मी घरातून निघालो तेव्हा आई पाणी घेऊन ओसरीवर आली. म्हणाली, “सर, तेका बंदूक घी म्हणान मी कधी सांगूक नाय. पण रात्रीचा म्हाताऱ्याक एकट्याक धाडूचा तरी कसा?” तिला दोघांपैकी एकाची काळजी निवडायची वेळ आली होती, आणि तिने दोघांना एकत्र पाठवून दोघांची काळजी केली होती. ‘परंपरा’ या शब्दाखाली मी जे समजत होतो, ते रिकाम्या होत गेलेल्या वाडीचं काम होतं. चाळीस माणसांची जागा एका मुलाने भरून काढली.

केलेली कृती

वडील दिवाळीला आले, तेव्हा घरात सगळे बसले: आजोबा, आई-वडील, शेजारी, पोलीस पाटील आणि मी. काकांना बोलावलं होतं, ते आले नाहीत. मुलगा दाराशी उभा होता. शेजाऱ्यांनी त्याला आत बोलावून आपल्या बाजूला बसवलं.

बंदूक आणि उरलेली काडतुसं त्याच आठवड्यात ठाण्यात गेली. आजोबांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया जानेवारीत सरकारी रुग्णालयात झाली, दुसऱ्याची पावसाळ्याआधी. घरात लोखंडी कपाट घेतलं. बंदूक परत आलीच तर ती कपाटात, काडतुसं दुसऱ्या कुलपात आणि किल्ली मुलाच्या आईकडे. मुलाने माळ्यावर यायचं असेल तर नऊ वाजेपर्यंत, डबा वाजवायला, आणि बंदूक असेल त्या माळ्यावर अजिबात नाही. ही शेवटची अट आजोबांनी स्वतः घातली.

मी मुलाला नाताळच्या सुट्टीत एका नेमबाजी केंद्रावर घेऊन गेलो. दहा मीटरची एअर रायफल, साडेचार मिलिमीटरची गोळी, कागदाचं लक्ष्य. प्रशिक्षक चांगले होते, मुलाचा हात बघून त्यांनी माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं. दोन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी एसटीच्या थांब्यावर तो म्हणाला, “सर, माका बंदूकच नको.” आम्ही थांब्यावरून परत फिरलो. त्याला काय हवंय हे विचारायच्या आधी मी त्याच्यासाठी पदक बघायला लागलो होतो. त्यालाही ‘मार’ म्हणणारा आणखी एक मोठा माणूस भेटला होता, फक्त या वेळी तो नाही म्हणू शकला. पॅरिसच्या त्या कांस्याच्या दिवशी मला हळहळ वाटली ती या बसथांब्याची. त्याला नेण्यात चूक होती असं मी म्हणत नाही, घाई मात्र झाली.

पुढे काय झालं

२०२४च्या हंगामाने परीक्षा घेतली. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, भात तयार असतानाच वाडीतल्या उरलेल्या दोन बंदुकाही ठाण्यात गेल्या. दर निवडणुकीच्या काळात शेतकरी याबद्दल कुरकुरतात आणि ती कुरकुर रास्त आहे. पण त्यामुळे एक झालं. नऊ घरांनी पाळ्या लावल्या, रोज दोन घरची मोठी माणसं, दोन माळे, मोठ्या बॅटऱ्या, पत्र्याचे डबे, फटाके. डुकरं आलीच. आमच्या मुलाच्या घरचे दोन कुणगे लोळवले, शेजाऱ्यांचा एक. नुकसान आधीच्या वर्षापेक्षा फार वेगळं झालं नाही, असं आजोबा म्हणतात. म्हणजे बंदुकीने त्याआधी तरी किती वाचवलं होतं, हा प्रश्न वाडीत पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने विचारला. पंचनामा आणि भरपाईचा अर्जही त्या वर्षी पहिल्यांदाच भरला गेला. सौर कुंपणाचा अर्ज मात्र हे लिहीपर्यंत मंजूर झालेला नाही.

आजोबांना आता दिसतं. बंदूक निवडणुकीनंतर परत आली, कपाटात आहे. त्यांनी एकदा आवाजाचा बार काढला, बाकी नाही.

मुलगा बोलायला लागायला सहा महिने लागले. कोणी सांगितलं नसताना तो संध्याकाळी शेजाऱ्यांच्या गोठ्यात जाऊन गवत टाकायला लागला. पहिल्यांदा शेजाऱ्यांनी नको म्हटलं, मग म्हणायचं सोडलं. एकदा मी तिथून जात होतो, तर तो दावणीचं दावं बदलत होता, गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघत होता.

सगळं नीट झालं असं नाही. ज्या काकांनी ‘मार’ म्हटलं, त्यांच्याशी कोणी शेवटपर्यंत स्पष्ट बोललं नाही. वाडीत त्यांचा मान आहे, मदतीला धावणारा माणूस आहे, आणि मलाही धीर झाला नाही. त्या रात्रीच्या निर्णयाचा मोठा वाटा त्यांचा, पण शिक्षा आजोबांना आणि मुलाला झाली.

आज वेगळं काय करेन

मुलाशी पहिल्यांदा बोलेन. मंगळवारीच. घरी, पाटलांकडे, मुख्याध्यापकांकडे नंतर. त्या चार दिवसांत तो एकटा होता, आणि डोळ्यांची ती गोष्ट त्याने तोवर कोणालाच सांगितली नव्हती. काही दिवस आणखी गेले असते तर त्याने कदाचित स्वतःलाच पटवलं असतं की आपल्याला काही कळलंच नव्हतं.

समुपदेशकाची मदत घेईन. तालुक्याच्या ठिकाणी तेव्हा ती मिळू शकली असती, मी चौकशी केली नाही. माझ्याने होईल असं वाटलं.

पोलिसांना न कळवण्याच्या निर्णयाबद्दल माझं मन अजून दोन बाजूंना जातं. या घरापुरता तो निभावला. पण प्रकरण दबल्यामुळे शेजारच्या वाड्यांना कळलंच नाही की काय घडता घडता राहिलं. ‘अंधारात डुक्कर समजून माणसावर बार’ अशी बातमी कोकणात अधूनमधून येते, तेव्हा मी पोटात गोळा येऊन गावाचं नाव वाचतो.

आणि निबंध. या जूनमध्ये सातवीच्या वर्गाला पुन्हा तोच विषय दिला होता. एका वहीत तिसऱ्या ओळीला राखण आली, माळा आला, ‘काकांनी नेम धरला’ आला. मी गुण न देता वही मिटली, मुलाला व्हरांड्यात बोलावलं आणि विचारलं, रात्री कोण कोण होतं बरोबर?

“काका आणि मी,” तो म्हणाला. “बॅटरी मी धरतंय.”

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काका अंगणात होते. हे तेच काका, तो त्यांचा पुतण्या.